कुर्डुवाडी राजधानी होती तो आठवडा

माणसापेक्षा यंत्र जास्त दयाळू असतं असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो स्वतः इतका दयाळू होता की त्याचं म्हणणं निदान त्याच्यापुरतं तरी खोटं ठरत होतं. हे आमच्या शाळेतले गणिताचे सर. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून, आणि शाळेतही त्यांचा सातवीचा वर्ग माझ्या सहावीच्या शेजारी, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ आमच्या दोघांमध्ये एक भिंतच काय ती असायची. तीही फारशी जाड नव्हती.

सरांचा यंत्रांवर विश्वास होता. नुसता विश्वास नाही, माया होती. स्टेशनवर नाणं टाकलं की वजनाचं तिकीट देणारं एक यंत्र उभं असे, आणि त्या तिकिटाच्या पाठीमागे भविष्य छापलेलं असे. सर दर महिन्याला तिथे जाऊन वजन करून येत आणि भविष्य वाचून त्याप्रमाणे वागत. 'प्रवास टाळा' असं निघालं तेव्हा ते शाळेत आले नाहीत, आणि शाळा घरापासून चार गल्ल्यांवर होती. "ज्योतिषी आपल्या तोंडाकडे बघून सांगतो," ते म्हणत. "यंत्राला आपलं तोंड दिसत नाही. म्हणून ते खरं सांगतं." घरी त्यांनी स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये वायर ओढून दोन दिवे बसवले होते. जेवताना भाजी जमली असेल तर हिरवा दिवा लावायचा, बिघडली असेल तर लाल. त्यांचं म्हणणं, तोंडाने बोललं की नवराबायकोत वाद होतो, दिव्याने होत नाही. पहिल्याच दिवशी लाल दिवा लागला. वहिनींनी वायर उपटली आणि त्याच वायरवर दुसऱ्या दिवशी पापड वाळत घातले. सर मला म्हणाले, "प्रयोग यशस्वी झाला. संदेश पोचला की."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत चादरींचा एक लहान कारखाना होता. सर एकदा चादर आणायला म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. वहिनींनी मला पाठवलं. जाऊन पाहतो तो सर मागासमोर मांडी घालून बसलेले आणि डोळ्यांत पाणी. मागावर मोर उतरत होता. वर पुठ्ठ्याच्या लांबट पत्त्यांची माळ फिरत होती, पत्त्यांना भोकं पाडलेली, आणि जिथे भोक तिथे सूत वर, जिथे भोक नाही तिथे सूत खाली. मला वाटलं, मोर बघून रडतायत. सर म्हणाले, "मोर सोडा हो. मागाला मोर ठाऊकच नाही. त्याला फक्त विचारलंय, भोक हाय का न्हाय. होय, नाही, होय, नाही. एवढ्यावर मोर तयार होतो. मग सातवीचा विद्यार्थी का होणार नाही?"

 

पुढचे काही महिने सर सात रस्ता चौकातल्या विजेच्या दुकानांत आणि कारखान्याच्या भंगारात सापडत. आणि एका सोमवारी सातवीच्या वर्गात ते यंत्र आलं. ते चार जणांनी उचलून आणलं तेव्हा शिपायाने टोपी काढली, कारण त्याला वाटलं कुणीतरी गेलं. जुन्या कपाटाएवढी पेटी, पुढे चार बटणं, वर एक हिरवा दिवा, आत एक गुरगुरणारी घंटी, आणि बाजूला एक दांडा. भिंतीवर प्रश्नांचा तक्ता. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. मुलाने बटण दाबायचं. बरोबर असेल तर दिवा, चूक असेल तर 'गुर्र'. मग दांडा फिरवायचा की आतला भोकांचा पत्ता पुढच्या प्रश्नावर सरकायचा. चुकीची उत्तरं निवडताना सरांनी फार डोकं चालवलं नव्हतं. भारताची राजधानी कोणती, याची उत्तरं होती मुंबई, दिल्ली, कुर्डुवाडी आणि अक्कलकोट.

सरांनी मुलांना समजावलं, "हे छडी मारत नाही. हसत नाही. तुमच्या बापाचं नाव घेत नाही. चुकलात तर गुर्र म्हणतं आणि विसरून जातं. माणसाला विसरणं जमत नाही." आणि आपली छडी त्यांनी सगळ्यांदेखत खिडकीबाहेर टाकली. मधल्या सुट्टीत ती एका मुलाने अदबीने परत आणून दिली, तेव्हा त्याच छडीने ते तक्त्यावरचे प्रश्न दाखवू लागले.

त्या यंत्राने माझ्या मराठीचं फार नुकसान केलं. मी कविता म्हणू लागलो की नेमकं करुण ओळीला भिंतीपलीकडून 'गुर्र' व्हायचं. पुढेपुढे माझी सहावी प्रत्येक ओळीनंतर थांबून कान देऊ लागली. एकदा मी उपमा अलंकार समजावून सांगितला, पलीकडे गुरगुर झाली, आणि एका मुलाने वही मिटत विचारलं, "सर, मग हे खोडायचं का?"

वीज जायची तेव्हा यंत्र बॅटरीवर चाले, आणि बॅटरी उतरली की सर स्वतः पेटीच्या मागे जाऊन बसत. बटण दाबल्याचा खटका ऐकू आला की आतून ते तोंडाने 'गुर्र' म्हणत, किंवा बरोबर असेल तर हातातली विजेरी वर धरत. मुलांना हे दिसत होतं, सरांची चप्पल पेटीखालून बाहेर यायची. पण कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त एकदा सरांना खोकला झाला होता तेव्हा वर्गाच्या मॉनिटरने मला गंभीरपणे सांगितलं, "आज यंत्राला सर्दी झालीया सर. लई हळू गुरगुरतंय."

त्या वर्गात नागमणी नावाची एक मुलगी होती. घर विणकरांचं, घरात सगळे तेलुगू बोलणारे. मराठी तिला समजायची, पण बोलताना लिंग चुकायचं आणि पोरं हसायची, म्हणून तिने बोलणंच सोडून दिलं होतं. मी तिला सहावीत वर्षभर शिकवलं आणि तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं. यंत्र आल्यावर ती रांगेत सगळ्यांत आधी उभी राहू लागली. बटणाला लिंग नसतं. ती दाबायची, चुकायची, पुन्हा दाबायची. सर माझ्याकडे येऊन सांगत, "आज ती बारा वेळा चुकली. बारा वेळा, आणि एकदाही घाबरली नाही." पोरगी पहिली आल्यावर बापाला होतो तसा आनंद त्यांना तिच्या चुकण्याचा व्हायचा.

मग वर्गाची तपासणी आली. आमची शाळा छोटी, खाजगी, सगळी मदार सरकारी अनुदानावर, आणि येणारे साहेब कडक म्हणून प्रसिद्ध. हेडमास्तर आठवडाभर आधीपासून हातात रुमाल घेऊन फिरत होते. त्यांनी सरांना विनवलं, "साहेब येतील तेव्हा ते कपाट बाहेर ठेवू या का? पाहुण्यांना बसायला जागा होईल." सर म्हणाले, "साहेब त्यासाठीच येतायत." साहेब त्यासाठी येत नव्हते, पण हेडमास्तरांचा स्वभाव भिडस्त.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात सरांनी पेटी साफ केली होती, कारण आत एक पाल राहायला आली होती. पाल काढली, पत्त्यांची माळ पुसली आणि परत बसवली. ती उलटी बसली. म्हणजे जिथे पहिलं बटण बरोबर होतं तिथे आता चौथं, आणि जिथे दुसरं तिथे तिसरं. सोमवारी दिवसभर वर्गातून गुरगुर ऐकू आली. मंगळवारी कमी झाली. बुधवारपर्यंत मुलांना नवी उत्तरं पाठ झाली, आणि सगळीकडे हिरवे दिवे लागू लागले. सर फक्त दिव्याकडे बघत. दिवा लागला की मुलगा हुशार झाला. त्या आठवड्याइतके खूष मी त्यांना कधी पाहिलं नाही.

शुक्रवारी साहेब आले. मला हेडमास्तरांनी पाहुण्यांच्या पाणी-चहाकडे बघायला म्हणून सातवीच्या दारात उभं केलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. साहेबांनी पेटीकडे पाहून विचारलं, "हे काय?"

"हे शिकवतं," सर म्हणाले.

"मग तुम्ही काय करता?"

"मी दांडा फिरवतो."

साहेबांनी सोपा प्रश्न विचारायचा म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. "भारताची राजधानी कोणती?"

"कुर्डुवाडी," मुलगा म्हणाला.

साहेबांना वाटलं, पोर घाबरलंय. दुसऱ्याला विचारलं. कुर्डुवाडी. तिसऱ्याला. कुर्डुवाडी. सगळ्या वर्गाला हात वर करायला सांगितलं तर हात एकदम वर गेले. मागून मॉनिटरने पुरवणी जोडली, "मोठं जंक्शन हाय की सर."

हेडमास्तरांनी रुमाल तोंडावर धरला. साहेब सावकाश खिडकीकडे गेले, बाहेर पाहिलं आणि परत वळून विचारलं, "सूर्य कुठे मावळतो?"

"दक्षिणेला," वर्ग म्हणाला.

"तुझं घर कुठल्या बाजूला?" त्यांनी एकाला विचारलं.

"माळावर हाय सर."

"मग घरातून रोज सूर्य मावळताना बघतोस ना?"

"व्हय की. घरी पश्चिमेला मावळतो," तो म्हणाला. "शाळंत दक्षिणेला."

सर पांढरे पडले होते. ते पेटीकडे गेले आणि दांडा फिरवून त्यांनी सूर्याचा प्रश्न आणला. साहेबांनी स्वतः पश्चिमेचं बटण दाबलं. पेटी गुरगुरली. वर्गातून एक दबलेला सुस्कारा निघाला. साहेब चुकले याचं मुलांना खरोखर वाईट वाटलं.

तेवढ्यात नागमणी बाकातून उठली. कुणी तिला उठवलं नव्हतं. ती पेटीपाशी गेली आणि तिने पश्चिम दाबलं. गुर्र. पुन्हा दाबलं. गुर्र. साहेबांनी विचारलं, "अगं, ते चूक म्हणतंय ना?"

"व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "सोमवारपासून म्हणतंय. मी रोज दाबते."

"का?"

तिने थोडा विचार केला. शब्द जुळवायला वेळ लागत होता, आणि त्या वेळात वर्गात कुणी हसलं नाही. "सूर्य पश्चिमेलाच मावळती," ती म्हणाली. "ते न्हाय म्हणतंय, म्हणू दे. मी व्हय म्हणते."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. नोकरी जायची वेळ आलेला माणूस कसा दिसतो हे मला ठाऊक आहे. सर तसे दिसत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मागासमोर मोर बघताना होतं. त्यांनी हेडमास्तरांना बाजूला नेऊन हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बोलली. चूक 'मावळती'ची झाली, तरी थांबली नाही."

साहेब कडक होते, पण माणूस चांगला. अनुदान वाचलं. पेटी मात्र वर्गातून काढायचा हुकूम झाला, आणि सगळ्या वर्गाला दिल्ली आणि पश्चिम पुन्हा शिकवायचाही. पश्चिम लवकर जमली. दिल्लीला महिना लागला. काही मुलं कुर्डुवाडीवर मनातून ठाम राहिली असावीत. पेटी खेळाच्या खोलीत गेली आणि तिथे क्रिकेटच्या बॅटी ठेवायला उपयोगी पडू लागली. पुढच्या वर्षी नागमणीचे वडील कामासाठी भिवंडीला गेले आणि तीही गेली. जाताना ती सरांना भेटायला आली होती, असं वहिनींनी सांगितलं. बराच वेळ बसून ती चहा पिऊन गेली.

आता माझ्या नातवाच्या वर्गात भिंतीवर उजळणारा पडदा आहे. बोट लावलं की उत्तर, आणि बरोबर असेल तर टाळ्याही वाजतात. नातू फार हुशार आहे. पडद्याने सांगितलेलं तो कधी दुसऱ्यांदा विचारत नाही. त्याच्याशी बोलताना मला सर आठवतात, आणि ते असते तर त्यांनी आधी त्या पडद्याला नमस्कार केला असता याबद्दल मला शंका नाही. पण यंत्र गेल्यानंतरची त्यांची राहिलेली वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकली आहेत. ते फळ्यावर एखादं गणित मुद्दाम चुकवत आणि खडू घेऊन गप्प उभे राहत.  कधी तास संपेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नसे, आणि ते तसेच पुसून निघून जात.

निवृत्त व्हायच्या वर्षी एकदा मी व्हरांड्यातून जाताना थांबलो. फळ्यावर लांबलचक भागाकार होता आणि वर्ग चिडीचूप. मीही चूक शोधू लागलो, मला सापडेना. सरांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं, जणू मला सापडली होती. बऱ्याच वेळाने मागच्या कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "सर, तितं चुकलंय."

 सरांनी त्या मुलाला पुढे बोलावलं, खडू त्याच्या हातात दिला, आणि स्वतः जाऊन त्याच्या रिकाम्या जागेवर बसले. बाक लहान होता. गुडघे आत मावेनात, म्हणून ते जरा वाकडे होऊन, दोन्ही हात बाकावर ठेवून, फळ्याकडे बघत राहिले.