टपावरची दोरी

रत्नागिरीच्या बंदरात सदूचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग त्यालाच बोलावतात. बोटीच्या केबिनचा टप म्हणजे जेमतेम दोन खाटांएवढी जागा. तिच्यावर जीपीएस, रडार, वायरलेसच्या अँटेनाची उंच काठी आणि देवाचं निशाण, एवढं सगळं बसवायचं आणि कुणी कुणाच्या आड यायचं नाही. सदू अर्धा दिवस टपावर उकिडवा बसून नुसता बघतो. खाली खलाशी जेवून, झोपून उठतात तरी याचा पहिला स्क्रू पिळून झालेला नसतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं त्याची बायको गोदासुद्धा म्हणते.

गेल्या ऑक्टोबरात त्यानं धाकट्या भावाची, शिवाची बोट हातात घेतली. शिवाच तिचा तांडेल, बोट हाकणारा. वायरलेसची काठी पुढे रडारला खेटून होती, ते सदूच्या डोळ्यांत खुपलं. आहे तिथं चाललंय, कशाला हात लावतोस, असं शिवानं परोपरीनं सांगितलं. सदू ऐकतोय कसला! मिरजोळ्याहून खास नळी कापून आणली आणि काठी मागच्या कोपऱ्यात नेऊन उभी केली.

बोट समुद्रात गेली आणि चौथ्या दिवशी सकाळी वादळी वाऱ्याचा इशारा आला. एकेक बोट वायरलेसवर बोलली, निघालो म्हणाली. शिवाची बोलेना. सदू मच्छीमार सोसायटीच्या वायरलेससमोर बसून हाका मारू लागला. हाकांनी भागेना तशा शिव्या घातल्या. बारा वाजले तेव्हा शिव्याही संपल्या. बोटीवर सात माणसं, आणि काठी हलवली आपणच. शिवाची बायको दारात येऊन उभी राहिली. "भावजी, बोलले का ते?" तिनं विचारलं. सदू वायरलेसची बटणं पिळत राहिला. ती गेल्यावर त्यानं माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "शिवा, एकदा बोल रे. परत तुझ्या बोटीला हात लावणार नाय."

दोनच्या सुमारास बोट बंदराच्या तोंडाशी दिसली. सदू धावत जेटीवर गेला. सातही डोकी मोजली, मग नजर टपाकडे गेली. काठीपासून निशाणाच्या खांबापर्यंत ताठ दोरी बांधलेली, तिच्यावर लुंग्या आणि ओले बोंबील ओळीनं लटकलेले. वजनानं काठी वाकली होती आणि बुडाशी केबल अर्धी निसटली होती. पुढे रडारपाशी कुणाचा हात पोचत नव्हता. मागचा कोपरा मात्र वाळवणाला आयता सापडला होता. टपाखाली माणसं राहतात, ती कपडे धुतात, हे सदूच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आयकू सगळा येत व्हता, दादा," शिवा म्हणाला. "शिव्या आयकल्या, नंतरचा पण आयकला. आमचा तेवढा तुमच्यापर्यंत पोचत नव्हता."

सदूला हसू आलं. हसता हसता तो जेटीवरच मटकन बसला आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत रडला. सुटल्यासारखं वाटत होतं, लाजायला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी शब्द मोडून तो टपावर चढला. आधी दोरीसाठी दोन वेगळे खांब ठोकले, मग काठी.

बोट पुन्हा गेली. संध्याकाळी सोसायटीच्या वायरलेसवर शिवाचा आवाज आला. काम काहीच नव्हतं. बोंबील चांगले वाळतायत, एवढंच तो सांगत होता. काम नसताना वायरलेस अडवायचा नाही, असा सदूनं त्याला दम भरला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "आणखी काय? बोल."