विसाला एक्केचाळीस

थोरल्या भावाच्या गॅरेजात प्रेसखाली धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, त्याच आठवड्यात त्याला 'तीनबोट्या' हे नाव पडले; आणि ते ठेवणारा कोणी परका नव्हता, थोरलाच होता. पुढे "तुझ्याने आता पाना धरवत नाही" असे सांगून त्याने धाकट्याला घरी बसवले. मुकाट्याने सोसण्याचे वळण धाकट्याला लहानपणापासूनच होते. मात्र तेव्हापासून तो रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा चढवून अंगणात खुर्ची टाकून बसे. जणू कोणत्याही क्षणी बोलावणे येईल.

बोलावणे आले नाही. एक जीप आली.

ती गुरांच्या डॉक्टरांची जीप होती. चारही चाकांनी ओढणारी, डोंगरातल्या वाटा तुडवणारी. तिचा मागचा अ‍ॅक्सल मोडला होता आणि थोरल्याने भंगारातला दुसरा आणून बसवला होता. चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे व्हावेत, हे प्रमाण पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे एकच असावे लागते. ते नसेल, तर चारही चाके इंजिनाला जोडल्याबरोबर पुढची एकीकडे ओढतात, मागची दुसरीकडे, आणि त्या ओढाताणीत मधली गिअरपेटी फुटते. पुढच्या अ‍ॅक्सलवरची प्रमाण कोरलेली पट्टी शाबूत होती : तीन पूर्णांक त्र्याहत्तर शतांश. भंगारातल्या अ‍ॅक्सलची पट्टी कधीच गळून पडली होती.

"घरबसल्या एवढं कर," थोरला म्हणाला. "मागचं प्रमाण काढ. पुढच्याशी जुळलं की सोमवारपासून कामावर ये."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर कशाला येशील?" थोरला हसला. धाकटाही हसला, त्याला ती थट्टाच वाटली.

काम त्याने रीतसर केले. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलमध्ये घातली, हँडब्रेक सोडला. घरात जॅक एकच होता, म्हणून मागचे एकच चाक उचलले. चाकावर आणि शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या. फेरे मोजायला बायकोला गोणपाटावर गाडीखाली निजवले.

"अहो, माझ्या कपाळावर हे काळं काय टपकतंय?"

"तेल आहे. खुणेकडे बघ."

"तुमच्या भावानं माझ्या कपाळी दुसरं काय आणलंय आजवर!"

त्याने चाक दोनदा फिरवले. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असले की उचललेल्या चाकाचे दोन फेरे एकाच्या हिशेबी धरायचे, हे तो जाणत होता.

"चार झाले," ती खालून म्हणाली. "वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"आमटीत हिंग घालतात तेवढं."

"मला माप हवंय, आमटी नको. थांब, वीस फेरे घेऊ."

विसाला एक्केचाळीस भरले. वीस हिशेबी दहा, म्हणजे प्रमाण चार पूर्णांक एक दशांश. त्याने बायकोला चाकाशी उभे केले, स्वतः खाली शिरला आणि पुन्हा मोजले. पुन्हा एक्केचाळीस.

"जुळत नाही ना?" तिने विचारले.

"नाही."

"मग तसंच सांगा भाऊजींना. बघू काय म्हणतात."

तो हात धूत राहिला. साबण संपत आला तरी धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात पोचला, तेव्हा डॉक्टर स्टुलावर चहा घेत बसले होते आणि थोरला कामगारांच्या घोळक्यात उभा होता.

"या, तीनबोटे साहेब! डॉक्टर, हाच तो माप काढणारा. बोल रे, जुळलं ना?"

धाकट्याने भावाच्या तोंडाकडे पाहिले, आणि एक गोष्ट त्याला उशिरा का होईना उमगली. सारा जन्म गाड्या खोलण्यात घालवलेल्या या माणसाने झाकण उघडून, आतल्या चक्रांचे दात मोजून प्रमाण काढल्याशिवाय भंगारातला अ‍ॅक्सल बसवणे शक्य नव्हते. मग तेच माप घरी कशाला काढायला लावले? तिथपर्यंत त्याने विचार जाऊ दिला नाही.

"जुळलं," तो म्हणाला.

"नक्की ना?" डॉक्टरांनी विचारले. "मला कुठल्या कुठल्या चढांवर जावं लागतं."

"नक्की."

सोमवारी तो कामावर रुजू झाला. बायकोने त्या दिवशी त्याचा डबा भरला नाही.

पावसाळाभर चिखलात चाके निसटत राहिल्याने निभावले; तो सरल्यावर, एका कोरड्या खडकाळ चढावर, डॉक्टरांनी चारही चाके जोडली. अर्ध्या चढात गिअरपेटी फुटली आणि जीप मागे घसरत जाऊन कठड्यावर आदळली. डॉक्टर गॅरेजात आले ते हात गळ्यात बांधून.

"माप कोणी काढलं होतं?" थोरल्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता धाकट्याला दंडाला धरून पुढे ढकलले. "हा घ्या. माझाच भाऊ. लाज वाटते सांगायला."

"तुम्ही नक्की म्हणाला होतात," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच फार वाईट होते.

धाकट्याने भावाकडे पाहिले. थोरला चिंधीने पाना पुसत होता.

"चुकलं साहेब. मोजण्यात चुकलं."

"स्वतः मोजलं असतं तर चुकलं असतं?" थोरला म्हणाला. "बायकोला घातलं होतं गाडीखाली, साऱ्या आळीनं पाहिलं! खरं की नाही रे? मोजलं कोणी?"

घोळक्यात हशा उसळला. धाकट्याच्या ओठांवर एक्केचाळीस हा आकडा आला होता. तो उच्चारला असता, तर त्याच घटकेला सारे उघडे पडले असते. आणि दुपारपर्यंत तो पुन्हा अंगणातल्या खुर्चीवर असता.

"तिनं," तो म्हणाला. "तिचंच चुकलं. तिला मोजता येत नाही."

आता सगळे पोट धरून हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते उठून बाहेर गेले. थोरल्याने कित्येक वर्षांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घरचा माणूस, हाकलणार कुठे? पान्याला मात्र आता हात लावायचा नाही. धुण्याच्या टाकीवर बस, सुटे भाग धू."

"बरं, दादा," तो म्हणाला, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून लगबगीने टाकीकडे गेला.