यायातने न संपवलेला खेळ

इंडोनेशियातल्या आमच्या बांडुंगमध्ये घरबसल्या व्हिडिओ गेम बनवणारे आमच्यासारखे लोक पुष्कळ आहेत, आणि आमचे गेम खेळणारे जवळजवळ नाहीतच. एकट्याने, फार तर दोघा-तिघांनी मिळून तीन-चार वर्षं खपायचं, गेम इंटरनेटवरच्या दुकानात ठेवायचा, आणि मग तो रोज येणाऱ्या शेकडो गेमांच्या ढिगाखाली असा गाडला जायचा की बनवणाऱ्यालाही शोधून सापडू नये. मी या गेमांना आवाज देतो. दार करकरतं, पाऊल वाजतं, बेडूक ओरडतो, ते माझं काम. माझं नाव नंदांग. पण ही हकिकत माझ्या मित्राची आहे, यायातची.

यायात रुहियात चष्म्याच्या दुकानात काम करायचा, अजूनही करतो. बोलायला हळू, अंगाने किरकोळ, आणि कुणी स्तुती केली की कान लाल होणारा. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून तो दुकानात परतला की गिऱ्हाइकं येईपर्यंतच्या तासाभरात एक पत्र इंटरनेटवर टाकायचा. पत्रात एकच गेम. कुणी न खेळलेला, कुणी नाव न ऐकलेला. सुरुवातीला वाचणारे चौदा होते, त्यातले नऊ आम्हीच. पाच वर्षांत ते अकरा हजारांवर गेले.

त्याची लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. चित्रं कशी, संगीत कसं, असलं तो फारसं सांगायचा नाही. गेम कुणासाठी आहे ते सांगायचा. ‘ज्यांची आई फोनवर दोनच वाक्यं बोलते त्यांच्यासाठी.’ ‘नोकरी सुटल्यावर घरी न सांगता आठवडाभर बागेत जाऊन बसलेल्यांसाठी.’ आणि नेमकी तीच माणसं तो गेम घ्यायची, दोन दोनशे, तीन तीनशे. आमच्या जगात तेवढ्याने माणूस पुढचा गेम करायला धजावतो. मिठागरावरचा एक गेम दीड वर्षं पडून होता, तो यायातमुळे उठला. तो बनवणाऱ्या पोरीने आनंदाने रडत मला फोन केला होता.

त्याचा नियम एकच होता, आणि तो पत्राच्या माथ्यावर लिहिलेला असायचा: शेवटपर्यंत खेळल्याशिवाय लिहिणार नाही.

पत्र टाकायच्या आधी तो मला वाचायला द्यायचा. गुरुवारी दुपारी आम्ही बू एनोक यांच्या सुराबीच्या टपरीवर बसायचो. मातीच्या तव्यावरची गरम सुराबी, तांदळाच्या पिठाचं जाड घावनच म्हणा, आणि सोबत पत्र. त्या गुरुवारी त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. गेमचं नाव होतं ‘बदकांची वाट’. गारुतच्या कुणा इमास रोहायाती नावाच्या बाईंनी एकटीने केलेला. यायातने लिहिलं होतं:

‘या आठवड्यात डोक्याला ताप नको असेल तर हा घ्या. एक मुलगी, तिची सात बदकं, भाताची खाचरं, आणि बापासाठी केळीच्या पानात बांधलेली न्याहारी. कुणी हरत नाही, कुणी मरत नाही. लेकराला मांडीवर घेऊन खेळा.’

“छोटंसंच लिहिलंयस,” मी म्हटलं. “संपवलास ना?”

“म्हणजे काय! बदकं स्वप्नात येतायत माझ्या.”

मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सुराबी खाल्ली.

शुक्रवारी पत्र गेलं. लोकांना गोड गेम हवाच असतो, त्यात यायातचा शब्द. दोन दिवसांत हजारभर लोकांनी तो घेतला. त्याच्या पत्रामुळे इतका खप कुठल्याच गेमचा झाला नव्हता. आणि रविवारपासून इंटरनेटवरच्या दुकानातल्या गेमच्या पानावर शिव्या पडायला लागल्या. एका बापाने लिहिलं होतं: ‘माझी मुलगी सहा वर्षांची. तिने गेममधल्या आजीची कबर उकरली, हाडं कापडात बांधली आणि मला विचारलं, बाबा, बदकं कुठे गेली? हा लहान मुलांचा गेम आहे?’ दुसरं कुणी म्हणत होतं, फसवणूक आहे. लोक पैसे परत मागत होते, अंगठा खाली करून जात होते. मंगळवारपर्यंत गेमच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘बहुतेकांना आवडला नाही’ असं आलं. तसं एकदा आलं की त्या दुकानात गेम मेल्यातच जमा. पुढे तो कुणाला दाखवतही नाहीत.

मी यायातला फोन केला. तो म्हणाला, “लोकांना दम नाही रे. गोड म्हटलं की साखरच हवी.” मला ते पटलं. त्याच दिवशी त्याने पत्रातलं ‘कुणी मरत नाही’ गुपचूप काढून टाकलं, हे मला मागाहून कळलं.

बुधवारी भर दुपारी तो माझ्या घरी आला. दुकानाचा पांढरा अंगरखा तसाच अंगावर. त्याने फोन माझ्या हातात दिला. इमासबाईंचं पत्र होतं. आमच्याकडे ‘कांग’ म्हणजे दादा आणि ‘तेह’ म्हणजे ताई.

‘कांग यायात, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. सहा वर्षांत माझा गेम एकतीस जणांनी घेतला होता. लोक रागावलेत, त्यांचं बरोबरच असणार. मी सुरुवात फार गोड केली, माझंच चुकलं. ‘कुणी मरत नाही’ हे तुम्ही पुढचं आधीच फुटू नये म्हणून लिहिलंत, ते मला कळलं. तुम्ही शेवटपर्यंत खेळून एवढं चांगलं लिहिलंत आणि माझ्यापायी तुमच्या नावाला बट्टा लागला, याचंच फार वाईट वाटतं. दुसरा भाग काढून टाकू का? नुसती बदकं ठेवते. रविवारी कारखान्याला सुट्टी असते, तेव्हा बसून कापेन. तुम्ही म्हणाल तसं.’

मी मान वर केली. यायात भिंतीकडे बघत होता.

“किती खेळलास तू?”

“तासभर.”

“बाकी आठवडा काय केलंस?”

तो काहीतरी पुटपुटला.

“काय?”

“फुटबॉल,” तो म्हणाला. “तो मोठ्या कंपनीचा नवा आला ना, सोमवारी. माझ्या संघाला लीग जिंकून दिली मी.”

मला हसू फुटलं. पाच वर्षं हा माणूस जगाला सांगत होता की मोठ्यांचे गेम जरा बाजूला ठेवा! मग त्याचा चेहरा दिसला आणि हसू विरलं. मीही विचारलं होतं की ‘संपवलास ना?’, आणि उत्तराकडे नीट लक्ष न देता घास तोंडात घातला होता.

“कापू नका म्हणून लिही तिला, आत्ताच.”

“लिहिलं की ती का म्हणून विचारेल. पत्रात सांगायला तोंड नाही रे मला.”

“मग तोंड घेऊनच जा.”

“तू येशील?”

रविवारी सकाळी आम्ही गारुतच्या गाडीत बसलो. वाटभर तो खिडकीला डोकं टेकवून होता. मधेच म्हणाला, “म्हणू का, की फाइल बिघडली होती?” मी नुसतं बघितलं. “नाही, नाही म्हणत,” तो म्हणाला.

इमासबाईंचं घर कातड्याच्या कारखान्यांमागच्या गल्लीत. अख्ख्या गल्लीला कमावलेल्या कातड्याचा वास. त्या चामड्याच्या जाकिटांचे भाग बेतून कापायचं काम करायच्या. चाळिशीच्या, रुंद मनगटांच्या, डोक्याला निळा रुमाल. यायातला बघून त्यांना इतका आनंद झाला की मलाच खाली बघावंसं वाटलं.

“अंबू, कांग यायात आलेत! बांडुंगहून, आपल्याकडे!”

अंबू म्हणजे त्यांची आई. म्हातारी हात पुसत बाहेर आली. चटईवर बसवलं, बिनसाखरेचा गरम चहा दिला, तळलेले भाताचे सांडगे पुढे ठेवले.

“तुम्हीच का ते? माझ्या गावाबद्दल लिहिणारे?” म्हातारी म्हणाली. “मला वाचता येत नाही बाबा. ही सांगते थोडंथोडं. तुम्हीच वाचून दाखवा की, तुमच्या तोंडून.”

“अंबू, त्यांना चहा तरी पिऊ दे.”

“पितील की. वाचायला काय तोंड भाजतंय?”

यायातने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? इमासबाईंनी पत्र छापून घेतलं होतं, पहिल्या दिवशीचं, न बदललेलं. तोच कागद त्यांनी त्याच्या हातात दिला. तो वाचू लागला. मुलगी, सात बदकं, खाचरं. म्हातारी मान डोलवत होती. “हो, सातच होती,” ती म्हणाली. “कुणी हरत नाही,” यायातने वाचलं आणि थांबला.

“पुढे?”

“कुणी मरत नाही.”

म्हातारीची मान थांबली. “असं कसं? माझी सासू आहे की त्यात. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा कबरीतली तिची हाडं मी या हातांनी उचलून नेली. ट्रक एकच फेरी करणार होता. सासऱ्याला नाही नेता आलं. ते घेतलंय ना गं इमास, तू?”

“घेतलंय, अंबू.”

यायातने कागद खाली ठेवला. “तेह इमास, मी शेवटपर्यंत खेळलो नव्हतो. तुमची काही चूक नाही. मी खोटं लिहिलं. दुसरा भाग कापू नका.” एवढं तो एका दमात बोलला.

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होईना. इमासबाई बराच वेळ कागदाची घडी घालत राहिल्या.

“किती खेळलात?”

“तासभर. त्याहून कमीच.”

“चौथ्या खाचरापर्यंत?”

“तिसऱ्या.”

“तिसऱ्या,” त्या म्हणाल्या. “चौथ्यात पाणी येतं. अजून दहा मिनिटं खेळला असतात तर कळलं असतं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, कोपऱ्यातला संगणक चालू केला, त्याच्यापुढे प्लास्टिकची खुर्ची सरकवली. “बसा.”

“आत्ता?”

“मी कापायला बसणार होते आज. वेळ काढूनच ठेवलाय.”

यायात साडेतीन तास खेळला. इमासबाई त्याच्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. तो अडला तरी त्या काही सांगत नव्हत्या. एका खाचरात तो वीस मिनिटं चुकत राहिला, तरी नाही. गावात धरणाची नोटीस येते. शेजारी कौलं काढून नेतात. न्याहारी न्यायची वाट रोज थोडी आखूड होते. मग कबरी. नऊ कबरी, आणि नेता येतात तीन. माती उकरायला एक बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की माती परत आत घसरते. म्हातारी जवळ सरकून बसली होती. “सावकाश,” ती म्हणाली. “आधी कापड अंथर बाबा. घाई केली की तुटतं.”

शेवटी पाणी घराच्या छपरावर येतं. बदकांना पाणी दिसतं आणि ती खूश होऊन पोहत निघून जातात. हाक मारायचं बटण तेव्हाही चालतं. मुलगी हाक मारते, ती परत येत नाहीत. यायात ते बटण दाबतच राहिला. किती वेळा ते मी मोजलं नाही. मला फक्त त्या मुलीचा आवाज ऐकू येत होता. तो इमासबाईंचाच होता, आणि माझ्यासारख्या आवाजाच्या माणसाला कळतं, एकदाच बोलून रेकॉर्ड केलेला होता.

यायात उठला तेव्हा डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“कापू?” इमासबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं.”

“मी नवीन लिहितो, तेह. सगळं खरं. किती मोठा गेम आहे हा, ते—”

“नको,” त्या म्हणाल्या. “माझ्या गेमबद्दल आता एक अक्षर लिहू नका. खोटं लिहिलं तेही तुम्हीच, आता चांगलं लिहाल तेही तुम्हीच. मला दोन्ही नको. स्वतःबद्दल लिहायचं तर लिहा.”

त्या दारापर्यंत आल्या नाहीत. म्हातारी मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि दोदोलच्या गोड वड्यांची पुडी तिने यायातच्या खिशात कोंबली. “घरी पोरांना द्या,” म्हणाली. ती पुडी तो गाडीत पूर्णवेळ दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि बांडुंगला उतरताना मला म्हणाला, “तू घे. मला नाही खाता येणार.” मलाही खाता आली नाही. दोघांत फिरत फिरत ती शेवटी बू एनोक यांना दिली.

शुक्रवारचं पत्र त्याने मला दाखवलं नाही. त्यात दहा ओळी होत्या. गेमचं नाव, आपण किती खेळलो, उरलेला आठवडा काय केलं, आणि ‘ज्यांनी मुलांना घेऊन तो खेळला त्यांची माफी मागतो, गेम बनवणाऱ्या बाईंचा यात दोष नाही.’ फुटबॉलही लिहिला होता. पुष्कळ लोक सोडून गेले, काहींनी टिंगल केली. पण त्याला खरं लागलं ते दुसरंच. शेकडो जणांनी लिहिलं, वा, काय प्रामाणिक माणूस! तो मला म्हणाला, “खिसा कापला ते कबूल केलं, म्हणून हार घालतायत रे.” त्यानंतर दोन महिने त्याने काही लिहिलं नाही.

‘बदकांची वाट’ पुढे लाल अक्षरांतून बाहेर आला, पण ‘आवडला’च्या हिरव्यात कधी गेला नाही. काही लोक मात्र आपणहून पोचले. धरणात गाव गेलेल्यांच्या एका मेळाव्यात तो पडद्यावर लावला होता, म्हातारे लोक आळीपाळीने बटण धरत होते, असं इमासबाईंच्याच कुणी ओळखीच्याने आम्हाला सांगितलं. यायातचा त्यात काही हात नव्हता, आणि ते ऐकून तो पहिल्यांदा जरा मोकळं हसला.

पत्र आता पुन्हा निघतं, पण शुक्रवारी निघेलच असं नाही. माथ्यावरचा नियम त्याने काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक पत्राखाली किती खेळलो ते लिहितो. वाचणारे निम्मे उरलेत.

गेल्या वर्षी आम्हा गेमवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यात इमासबाई नवा गेम घेऊन आल्या. त्यांच्या टेबलासमोर रांग होती. यायात रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं.

“कांग, वेळ आहे ना? पाच तासांचा आहे हा.”

“आहे,” तो म्हणाला.

हॉल बंद करणाऱ्यांनी दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हाही तो खेळतच होता, आणि इमासबाईंनी त्यांना सांगितलं, थोडं थांबा. त्या गेमबद्दल यायातने लिहिलं नाही. त्याच्या पत्रात ते मी लिहिलं, माझ्या नावाने, पूर्ण खेळून.