कुठं निघालात, कधी येणार?

सहा नोव्हेंबर. वार्षिक तपासणी तोंडावर आली होती आणि मी मुद्देमाल खोली आवरायला घेतली होती. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता दोन वर्षं झाली. बरेचसे गुन्हे आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. तो दिवस मात्र मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा सांगता येतो.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याची मी प्रभारी होते. दिवाळी झाली की त्या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या बायका-पोरं, भांडी, शेळ्या गाडीत घालून सहा महिन्यांसाठी निघतात. आदल्या दिवशी अशीच एक पिकअप गंगाखेड रस्त्याच्या उतारावर खड्ड्यात गेली होती. काहींना मार लागला, कुणाच्या जिवावर बेतलं नाही. चालक म्हणत होता, ब्रेक लागलाच नाही. चालक हे नेहमीच म्हणतात. त्याला जबाबासाठी बोलावून बाहेर बाकावर बसवलं होतं आणि मी आत जप्त कुऱ्हाडींना चिठ्ठ्या बांधत होते.

तेवढ्यात गॅरेजवाल्या मिस्त्रीचा फोन आला. अपघातातली गाडी त्याच्याकडे ओढून नेली होती आणि मोटार वाहन निरीक्षकांनी त्याला चाक उघडायला लावलं होतं.

"मॅडम, तुमी सोता येऊन बघा. फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

पंचांना सोबत घेऊन गेले. ब्रेक पॅड म्हणजे एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला जाड थर. तो थर चाकाच्या चकतीवर दाबला जातो आणि गाडी थांबते. इथे नुसती पट्टी होती. थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून तुकडे झाला होता.

"नवाकोरा हाय," मिस्त्री म्हणाला. "डब्बा कंपनीचा, आतला माल कंपनीचा न्हाई."

"कुठल्या दुकानातला?"

त्याने गाडीत सापडलेल्या रिकाम्या डब्यावरचा शिक्का बघून नाव सांगितलं. गावातलं सगळ्यात मोठं स्पेअर पार्ट्सचं दुकान. "अन् मला हेच कळंना मॅडम, त्याच दुकानाचे पॅड मी रोज गाड्यांत टाकायलोय. आजवर एक तक्रार न्हाई."

दुकान मला माहीत होतं. पावसाळ्याआधी माझ्या स्वतःच्या गाडीचे पॅड मी तिथूनच घेतले होते. मालक गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला खुर्ची देणारा, चहा पाजणारा. गावात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील.

ठाण्यात परतले तर बाकावर चालकाशेजारी त्याची आई येऊन बसली होती. हातातला फोन ती पुन्हा पुन्हा कानाला लावत होती.

"कुणाला लावताय?"

"थोरल्याला माय. लागंना."

तेव्हा चालकाने सांगितलं. दोन्ही भावांच्या दोन पिकअप. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून पॅड घेतले. धाकटा काल खड्ड्यात गेला. थोरला आज पहाटे टोळी घेऊन साताऱ्याकडे निघाला होता.

"त्याला सांगितलं नाहीस, ब्रेक गेला म्हणून?"

"सांगितलं की. म्हणला, तुला चालवता येत न्हाई."

गाडीत बायको, तीन लेकरं आणि टोळीतली माणसं. वाटेत घाट.

मी लगेच नियंत्रण कक्षाला गाडीचा नंबर दिला. त्यांनी शेजारच्या जिल्ह्यांना कळवलं. पण त्या दिवसांत अशा शेकडो पिकअप रस्त्यावर असतात, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांवर ताडपत्री. कुठल्या रस्त्याने गेला हेही घरच्यांना ठाऊक नव्हतं. दर थोड्या वेळाने मी विचारायची आणि उत्तर यायचं, "पाहणी चालू आहे." पोलिसांच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते मला चांगलं माहीत होतं. आई फोन लावत होती. पलीकडची बाई तेच सांगत होती, बंद आहे.

दुकानावर सरळ छापा घालायचा मोह होता. पण नुसता छापा घातला असता तर दुकानदार म्हणाला असता, एखादा डबा खराब निघाला, कंपनीला विचारा. तेवढ्यावर माझ्या हाती काही लागलं नसतं. एकाच दुकानातून काहींना चांगला आणि काहींना खोटा माल का मिळतो, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून चालकाला पुन्हा आत घेतलं.

"दुकानात काय काय बोलणं झालं? सगळं सांग."

"काय न्हाई मॅडम. लय चांगला माणूस हाय. चहा पाजला. कुठं निघाले, कवा येणार, लेकरं संगं हायत का, सगळं इचारलं. लांब जायलाव म्हणल्यावर सोताहून भाव कमी लावला. आमी मागितलं बी न्हवतं."

मी पेन खाली ठेवलं. सुट्या भागांच्या धंद्यात छापील किमतीवर कुणी स्वतःहून सूट देत नाही. घासाघीस करावी लागते, मिस्त्रीची ओळख सांगावी लागते. न मागता सूट आणि तीही कायमच्या गिऱ्हाइकाला सोडून परक्याला?

ठाण्यात नव्याने बदलून आलेले दोन शिपाई होते. त्यांना अजून गावात कुणी ओळखत नव्हतं. साध्या कपड्यांत, सोबत एकेक पंच देऊन, वेगवेगळं दुकानात पाठवलं. एकाच गाडीचे पॅड मागायचे. पहिल्याने सांगायचं, गाडी मानवतला भाडं मारते, रोजचं येणंजाणं आहे. दुसऱ्याने सांगायचं, टोळी घेऊन कर्नाटकात चाललोय, सहा महिन्यांनी येईन.

पहिला छापील किंमत मोजून डबा घेऊन आला. दुसरा हसत आला.

"मॅडम, मला दोनशे कमी. वर म्हणला, देव तुमचा प्रवास सुखाचा करो."

डबे दोन्ही सारखेच दिसत होते. मिस्त्रीने दुसऱ्या पॅडच्या कडेला पेचकस घातला आणि नुसता पिळला. थर उचलून वर आला.

दुकानदाराला आणलं तेव्हा दुपार कलत आली होती. टेबलावर दोन्ही डबे ठेवले होते. त्याने ते पाहिले, खुर्चीत बसला आणि सवयीने म्हणाला, "मॅडम, चहा सांगू का?"

"इथे चहा मी सांगते."

"होलसेलवाल्यानं फसवलं असंल मॅडम. आपला धंदा इमानदारीचा हाय. बापाच्या वक्तापासूनचं दुकान हाय."

"आणि फसवलेला माल नेमका लांब जाणाऱ्यालाच मिळतो?"

चौकशीत अशा प्रश्नानंतर माणसाला वेळ द्यायचा असतो, पण त्या दिवशी तेवढी सवड नव्हती. मी पुढे सांगत गेले. गावातला माणूस उद्या भांडायला परत येतो, म्हणून त्याला अस्सल. सहा महिन्यांनी येणारा पॅड झिजले म्हणेल, खोटे होते असं त्याच्या डोक्यातही येणार नाही. म्हणून आधी आपुलकीने चौकशी करायची, मग ठरवायचं हात कुठल्या फळीकडे न्यायचा. सूट दिली की गिऱ्हाईक डबा उघडून बघतही नाही, उपकार मानत निघून जातं.

मला त्याची कबुली नकोच होती. डबे होते, पंच होते.

"तुमचा गुन्हा नंतर बघू," मी म्हणाले. "त्या दोन भावांतल्या थोरल्याला तुम्ही विचारलं असणार, कुठं निघालात. काय म्हणाला तो? रस्ता कुठला, थांबणार कुठे?"

"रोजची इतकी गिऱ्हाइकं. माझ्या काय ध्यानात राहतं?"

"बाहेर बाकावर त्याची आई आहे. गाडीत तिची तीन नातवंडं आहेत. आत्ता फसवणुकीचं कलम आहे. गाडी घाटात गेली तर सदोष मनुष्यवधाचं लागेल. बघा आठवतंय का."

त्याने घाम पुसला. मग सगळं आठवलं. अशा दुकानदाराला आठवतंच, त्याचा धंदा त्यावर चालतो. थोरल्याचा साडू बीड जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात राहतो, स्टँडसमोर त्याची पानटपरी आहे. तिथे जेवायला थांबणार, दुपार टळल्यावर निघणार, उजेड आहे तोवर घाट उतरणार. घरच्यांनाही ठाऊक नसलेली गोष्ट त्याला ठाऊक होती, कारण त्याने विचारली होती.

मी त्या गावच्या ठाण्याला स्वतः फोन लावला. ठाणे अंमलदार म्हणाले, "माणूस पाठवतो." मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. दुकानदाराला बाहेरच्या खोलीत बसवून आईला आत बोलावलं. खोटा धीर द्यायचा नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. मुद्देमालाच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्ही चुकल्या.

फोन वाजला. तिकडचे हवालदार होते. "मॅडम, गाडी चालू करून निघायच्या बेतात होते. चावी काढून घेतली. मालक लय भांडायलाय, म्हणतो माझे ब्रेक ओके हायत."

"त्याला फोन द्या."

मी फोन आईच्या हातात दिला. ती एवढंच म्हणाली, "फोन कामून बंद ठेवला रं मुडद्या?" लेकरांनी गाणी बघून बॅटरी संपवली होती. मग तिने पदर तोंडाला लावला. मी बाहेर जाऊन दुकानदाराकडून आठवतील तेवढ्या बाकीच्या गाड्या, गावं आणि कारखाने वदवून घेतले. अंधार पडेपर्यंत सगळीकडे फोन केले. ज्या सापडल्या त्या थांबवल्या. न सापडलेल्यांचा विचार पुढे बरेच दिवस माझ्या मनात राहिला.

या तपासानंतर माझी एक सवय बदलली. साक्षीदार म्हणाला, "माणूस चांगला होता, सगळी विचारपूस करायचा," की मी त्याला तिथेच थांबवायची. नेमकं काय विचारायचा? आणि उत्तर ऐकून पुढे काय करायचा? तपासात या दोन प्रश्नांची उत्तरं मला जास्त उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जायच्या आधी मी माझी गाडी मिस्त्रीकडे नेली आणि पुढचं चाक उघडायला लावलं. त्याने पॅड काढले, कडेला पेचकस घालून पिळला, पुन्हा पिळला. थर हलला नाही.

"अस्सल हाय मॅडम. बिनघोर ऱ्हावा."

मी तिथे उभी राहून आठवत होते. पॅड घेताना दुकानदाराने चहा मागवला होता, आणि मोठ्या आदबीने विचारलं होतं, "मॅडम, बदली कवा हाय?" मी सहज म्हणाले होते, "अजून दोन वर्षं तरी इथेच."