फळीला पाय लागला म्हणून

हट्टा गावातल्या एका कृषी केंद्रवाल्याच्या दुकानात पोत्यांमधून वाट काढावी लागायची. बियाण्याच्या पोत्याला पाय लागला की तो वाकून पोत्याला हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा आणि तुटलेलं वाक्य बराबर तिथूनच पुढं न्यायचा. "सोयाबीन पेरा, पण..." नमस्कार. "...वाफसा आल्यावरच."

दोन हजार सालानंतर कधीतरी एका बियाणं कंपनीनं डीलर लोकांना बालीला नेलं. तिथं समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर लाटा फुटायच्या आणि त्या लाटांवर फळी घेऊन उभं राहायचा खेळ होता. बाकीचे डीलर ताठ उभे राहायला गेले आणि धपाधप पडले. फोटो निघेपर्यंत टिकला तो हा एकटाच. काउंटरच्या काचेखाली त्याचा फोटो होता: हिरवी लाट, गुडघे मोडलेले, एक हात अलगद फळीला टेकलेला. थेट पट्टीचा खेळाडू.

मी विचारलं, "भाऊ, एवढं बराबर वाकायला कुठं शिकलात?"

तो लाजला. "शिकतो कायचं? फळीला पाय लागला व्हता. म्हणून हात लावला. तो कपाळाला न्यायला गेलो अन् फळी सुटली."

"म्हणजे नमस्कार राहिलाच?"

"राहील काहून?" तो चिडलाच. "पाण्याखाली केला की!"