जुन्या ड्रायव्हरचा रुमाल

मंडळी, आज ऑफिसात मी जिंकले!

माझ्या लिनक्स मशीनमध्ये नवं नेटवर्क कार्ड बसवलं, पण नेट काही चालेना. शेजारच्या टेबलावरचा खालिद म्हणाला, "नक्को जी मॅडम, विंडोज डाल लेव." असा राग आला! म्हटलं, "थोडा ठैरो."

मोबाइलचं नेट जोडून कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, टाकला. तरी ढिम्म! मग मशीनच्या नोंदींचा लॉग वाचला. आमच्या दिलसुखनगरच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा सिस्टिममधला जुनाच ड्रायव्हर कार्ड धरून बसला होता. त्याला उठवलं, नव्याला बसवलं. हिरवा दिवा लुकलुकला, नेट सुरू! मी आनंदाने ओरडलेच.

आता खालिद म्हणतो, "मॅडम, हमारा वायफाय बी जरा देखो ना."

सांगा, देऊ का करून, की आधी विंडोजबद्दल माफी मागायला लावू?