आमटीच्या वासाची बेल्जियन बिअर

न्यू जर्सीच्या पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी जी बिअर गाळली तिचा वास पेन्सिल्व्हेनियापर्यंत गेला होता, असं मी सांगतो. बायको सांगते की तो जेमतेम जिन्यापर्यंत गेला होता. ती पुण्याची. तिला प्रत्येक गोष्ट मोजून लागते. मी नागपूरचा, आमच्याकडे मोजमाप म्हणजे कंजुषी.

दोन हजार दोनचा उन्हाळा होता. डॉट कॉमचा फुगा फुटून गेला होता आणि आमच्यासारखे सॉफ्टवेअर टेस्टिंगवाले पिकल्या आंब्यांसारखे टपाटप गळत होते. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं. ते वाढवायचं की नाही हे एकाच माणसाच्या हातात होतं, आमच्या मॅनेजरच्या. वाढलं नाही तर व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की सोफा विकून नागपूर.

हा मॅनेजर म्हणजे साडेसहा फुटांचा अबोल खांब. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे फ्रीजमधल्या घट्ट झाकणाच्या लोणच्यातून फोड काढणं. पण त्याची आजी बेल्जियमची होती, आणि घरी बिअर बनवण्याचा विषय निघाला की तो तासभर बोलायचा. एकदा लंचला त्याने तिकडच्या गव्हाच्या बिअरची कृती सांगितली. त्यात संत्र्याची साल पडते आणि धणे पडतात, हे ऐकल्यावर माझ्यातला नागपूरकर गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"संत्री आमची, धणे आमचे," मी म्हणालो, "मग बिअर बेल्जियमची कशी? आमच्या घरात सात पिढ्या करतात."

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी ताकापलीकडे गेलं नव्हतं. पण खांबाचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर गव्हाच्या मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा, हॉप्स नावाची वाळलेली कडू फुलं, यीस्टचं पाकीट आणि झाकणाचं मोठं प्लॅस्टिकचं पिंप. "झाली की चाखायला येईन," तो म्हणाला.

घरी डबा उघडला. आत काकवीसारखा घट्ट, सोनेरी पाक. तो उकळत्या पाण्यात ढवळायचा, हॉप्स घालायचे, शेवटी साल आणि कुटलेले धणे, मग गार करून यीस्ट. इतकं सोपं, की एखाद्या शेंबड्या पोरालाही जमावं. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी.

"धणे कच्चेच घालणार?"

"कृतीत भाजायला सांगितलेलं नाही."

"त्यांना कुठे कळतंय."

हे मात्र मला पटलं. भाजल्याशिवाय धणे म्हणजे अंघोळ न करता बोहल्यावर चढलेला नवरदेव. मी कढई ठेवली, आई गोड्या मसाल्याला सोडते तसं चमचाभर तेल सोडलं आणि धणे असे खमंग परतले की वरच्या मजल्यावरचे गुजराती काका खाली येऊन विचारून गेले, आज काय बेत आहे. स्मोक अलार्म वाजला. बायकोने टॉवेल फडकवला. धणे कुटून, तेलासकट, पातेल्यात.

पिंप बाथटबमध्ये ठेवलं. झाकणावरच्या नळीतून रात्रंदिवस बुडबुड. पाहुण्यांना आम्ही प्लंबिंगचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगायचो. पुढे थोडी साखर घालून बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली आणि कपाटात कोटांमागे ठेवल्या. बिअर मुरत होती आणि महिना संपत होता. ऑफिसात मॅनेजर माझ्याशी पूर्वीपेक्षाही कमी बोलू लागला. माझ्या टेबलाजवळून जाताना तो छताकडे बघायचा. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, "काही टेन्शन नाही गं," आणि ती सूटकेसचं वजन करून बघायची.

शेवटच्या शनिवारी तो आला. हातात फुलं. मी बाटली उघडली. फुस्स झालं, ग्लासात ढगासारखा पांढरा फेस वर आला, मी छाती फुगवली, आणि एवढ्यात तो फेस व्हिसा संपल्यासारखा निघून गेला. वर नुसते तेलाचे बारीक डोळे तरंगत राहिले. त्यातला प्रत्येक डोळा माझ्याकडेच बघत होता.

त्याने वास घेतला. घोट घेतला. भिंतीकडे बघितलं.

"इंटरेस्टिंग," तो म्हणाला.

ऑफिसात हा शब्द त्याने ज्या ज्या प्रोजेक्टबद्दल काढला होता ते प्रोजेक्ट आज कुणाला आठवतही नाहीत. मी घाईघाईने सुरू केलं. "आमच्याकडे बिनफेसाचीच मानाची समजतात. राजघराण्यात तर फेस आला की आचाऱ्याला हाकलायचे."

"थापा मारतोय," बायको भज्यांची ताटली ठेवत म्हणाली. "धणे तेलात परतलेत त्याने. आमटीला परततात तसे."

खांब हलला. आधी खांदे, मग पोट. तो हसत होता. "तेलात? तेलाने फेस मरतो. वास ओळखीचा वाटतच होता. गुरुवारी मी जिथे जेवायला जातो तिथल्या डाळीला येतो."

हसून झाल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला आणि चेहरा पडला. "तू जाणार याचं मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "एका माणसाचं एक्स्टेन्शन मंजूर झालंय. नाव सोमवारी द्यायचंय. तुझंच देणार होतो, पण तुला तीन कंपन्यांच्या ऑफर आहेत असं सगळे म्हणतात. मग म्हटलं, तुला कशाला अडवा."

माझ्या कानात बाथटबमधल्या पिंपापेक्षा मोठी बुडबुड सुरू झाली. तीन कंपन्या. हे मी लंचला बोललो होतो, घाबरलेला दिसू नये म्हणून. पहिल्यांदा एकच म्हणालो होतो. आठवडाभरात त्या वाढल्या. आता हो म्हणावं तर नोकरी जाते, नाही म्हणावं तर लाज जाते. मी भज्यांची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

"ऑफर?" बायको म्हणाली. "आमच्याकडे आलेली शेवटची ऑफर म्हणजे एका पिझ्झावर एक फुकट. कुठेही जात नाहीये हा. झोपेत सुद्धा तुमचा सर्व्हर रीस्टार्ट करतो."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. इतकी, की मानेचा काटा ढिला झाला असावा.

"म्हणजे राहतोस?"

"राहतो."

त्याने असा सुस्कारा सोडला की खिडकीचा पडदा हलला, हे मात्र बायकोही मान्य करते. नवीन माणूस शोधून, त्याला सगळं शिकवायच्या विचाराने बिचाऱ्याची झोप उडाली होती म्हणे. आठवडाभर तो मला टाळत होता आणि मी त्याला. मग त्याने आणखी सहा भजी खाल्ली, ग्लास मात्र तिथेच ठेवला. दारात वाकून बायकोला म्हणाला, "सोमवारी त्याला वेळेवर पाठवा."

दार लागलं. आम्ही दोघंही जमिनीवरच बसलो, सोफा दोन हातांवर असून. तिने त्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भात लावू का हिच्याबरोबर?"

"लाव," मी म्हणालो. आणि तो सगळा ग्लास मी, तेलाच्या डोळ्यांसकट, एका दमात प्यायलो.